सोन्याच्या सिंहासनाचं साल

१

ताबनीबाई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा मातीच्या पाट्यांचा रांजण उघडला. जी पाटी त्यात असायला हवी होती ती नव्हती. तिच्या जागी दुसरीच होती.

हे आठवणारी आता मी एकटीच उरले आहे. बाबिलोनच्या वरच्या अंगाला, नदीकाठच्या सिप्परच्या मठात आम्ही तेव्हा शंभराच्या वर बायका होतो, सगळ्या सूर्यदेवाला वाहिलेल्या. लग्न नाही, मूल नाही, पण प्रत्येकीचं स्वतःचं घर, स्वतःचं अंगण, आणि हवं तर स्वतःची दासी. लिहिण्याचं काम आम्हा दोघींकडे. बेलेसुनूबाई, ज्यांनी मला बोरू धरायला शिकवला, आणि त्यांच्या हाताखाली मी, हुझालातुम. एवढं लांब नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती, सगळ्या हुझालाच म्हणत. मी बावीस वर्षांची होते.

आमच्याकडे सालाला आकडा नसतो, नाव असतं. राजाने केलेलं एखादं मोठं काम, तेच सालाचं नाव. नववर्षाच्या दिवशी बाबिलोनला ते जाहीर होतं आणि मग नावेने गावोगाव येतं. त्या साली नदीला असा पूर आला की दूत खालच्या अंगालाच अडकून पडला. पाचवा महिना लागला तरी आमचं साल बारसं न झालेल्या पोरासारखं बिननावाचंच. आदलं साल कालव्याचं होतं, म्हणून आम्ही प्रत्येक पाटीखाली ‘कालव्याच्या सालानंतरचं साल’ लिहीत बसायचो. आधी पूर, मग टोळ, मग ताप. घराघरांतून माणसं गेली. पाचव्या महिन्याच्या मध्यावर दूत एकदाचा आला आणि त्याने नाव सांगितलं. राजाने सूर्यदेवाला सोन्याचं सिंहासन वाहिलं, ते साल.

“एवढी माणसं वाहून गेली,” बेलेसुनूबाई म्हणाल्या, “आणि नाव सिंहासनाचं. असो. लिहायला तरी सोपं आहे.”

ताबनीबाई मात्र पुरातून वाचल्या, तापातून वाचल्या, आणि नवव्या महिन्यात, ऐन थंडीत, तीन दिवस बेशुद्ध राहून गेल्या.

२

ताबनीबाईंची एक दासी होती, अहातुम. चार वर्षांची असताना विकत घेतलेली आणि लेकीसारखी वाढवलेली. सगळ्या सिप्परमध्ये तिच्यासारखं विणणारं कुणी नव्हतं. ताबनीबाई उठताबसता म्हणायच्या, “मी डोळे मिटले की हिची दासीची बट कापायची, हिला सूर्याकडे तोंड करून उभी करायची, आणि ही मोकळी. पाटी करून ठेवली आहे मी.” हे मठातल्या प्रत्येकीने ऐकलं होतं. पाटी मात्र कुणी पाहिली नव्हती. लिहिणारा सोडला तर पाहिली होती ती दोन साक्षीदारांनी, आणि ते दोघेही तापाने गेले होते.

रांजण उघडायला ताबनीबाईंचा भाचा आला, इरीबाम. आजारपणात आत्याच्या उशाशी तोच बसून होता. बरोबर त्याचा सासरा, मठाचा कारभारी.

रांजणातली वरचीच पाटी कारभाऱ्यांनी माझ्या हातात दिली. खोळ घातलेली होती. महत्त्वाच्या पाटीवर आम्ही मातीची खोळ चढवतो, आतला मजकूर पुन्हा खोळीवर लिहितो, आणि खोळ फुटते ती फक्त भांडण झालं तरच, न्यायाधीशांसमोर.

“वाच,” इरीबाम म्हणाला.

मी वाचलं. ताबनीने आपली दासी अहातुम आपला भाचा इरीबाम याला दिली आहे, आपल्या मरणानंतर ती त्याची. साक्षीदार अमुक आणि तमुक, मुद्रा नसल्याने त्यांनी नखं उमटवली. ताबनीची मुद्रा. लिहिणारा इलशू. दुसऱ्या महिन्याचा सहावा दिवस, सोन्याच्या सिंहासनाचं साल.

अहातुम दाराशी उभी होती. हातात सुताचा गुंडा होता, तो तिने खाली ठेवला नाही.

“बाईंनी मला वेगळं सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“म्हातारपणी माणसं पुष्कळ काही सांगतात,” इरीबाम म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता. “परवा सकाळी नाव सुटते. बाबिलोनला एका माणसाला चांगली विणकरीण हवी आहे. तुझे हाल नाही करणार तो.”

बेलेसुनूबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्या हातातून पाटी घेतली. आधी कानाशी धरून हलवली. आत खुळखुळ झाली, खोळीत सुकी पाटी असली की होते तशी. मग त्यांनी ती गालाला लावली आणि बराच वेळ तशीच धरली.

“गार आहे,” त्या म्हणाल्या.

“थंडीचे दिवस आहेत बाई. रांजण जमिनीत पुरलेला. गार नाही तर काय असणार?”

“खरं आहे. परवा नाव ना? मग परवापर्यंत ही माझ्याकडे राहील.”

“कशाला?”

“राहू दे म्हणते. मठातली बाई गेली की तिच्या पाट्या मी एकदा बघते. तुझ्या सासऱ्यांना विचार, तशी रीतच आहे.”

कारभाऱ्यांनी मान हलवली. इरीबाम हसला. बाहेर पडल्यावर बेलेसुनूबाई मला हळूच म्हणाल्या, “पोरी, ही पाटी दहा दिवसांचीसुद्धा नाही.”

३

इलशू मठाच्या दारात बसायचा. लिहून हवं असेल त्याने त्याच्याकडे यायचं. चाळीस वर्षं त्याची तीच जागा. जवाच्या दारूचं मडकं डाव्या हाताला, मातीचं घमेलं उजव्या. गिऱ्हाईक आलं की कुठला हात कुठे जाईल याचा नेम नसे.

“इलशू, ही तू लिहिलीस?”

त्याने पाटी डोळ्यांजवळ नेली. “माझं नाव आहे ना खाली? मग लिहिली असेन.”

“आठवतं का ते विचारते आहे.”

“बेलेसुनूबाई, सकाळी मी काय खाल्लं ते विचारा. कांदा. त्यापलीकडचं विचारू नका.”

“ताबनीसाठी दुसऱ्या महिन्यात काही लिहिलंस?”

त्याने मडकं बाजूला सरकवलं. “लिहिलं. तेव्हा सगळीकडे पाणी होतं. देवळाच्या गच्चीवर राहत होतो आम्ही, मी आणि ते दोघे साक्षीदार. ताबनीबाई शिडीवरून वर आल्या. ह्या वयात. मी म्हटलं, बाई, पडलात तर माझ्यावर येईल. त्या म्हणाल्या, आजच लिही, उद्या कोण वाचतं कोण जाणे.”

“काय लिही म्हणाल्या?”

“पोरीबद्दलच काहीतरी.” त्याने कपाळ चोळलं. “भाच्याचं नाव होतं का त्यात? असेल. नसेल. मला एवढंच आठवतं की शेवटी जागा पुरली नाही. साल लिहिता लिहिता कडेवर आलो. आणि खोळ घातली नाही. पुरात धड माती कुठली? म्हटलं, पाणी ओसरलं की घालू.”

“मग घातलीस?”

“नंतर घालू म्हटलेली खोळ कुणी घातली आहे का आजवर?”

“ह्या पाटीला खोळ आहे, इलशू.”

त्याने पाटी पुन्हा पाहिली. मग त्याचे डोळे भरले. दारूने भरले की कशाने ते मला तेव्हा कळलं नाही. “म्हणजे घातली असेन. मी पितो, बाई. मी त्या पोरीचं वाटोळं केलं असेल तर मला आठवतसुद्धा नाही. मला शपथेवर विचारलं तर मी काय सांगू?”

परत येताना मी म्हटलं, “त्यानेच केलं असेल. इरीबामने एक मडकं पाजलं असेल आणि हवं ते लिहून घेतलं असेल.”

“सगळ्यांना तसंच वाटावं,” बेलेसुनूबाई म्हणाल्या, “म्हणून तर त्याचं नाव घातलं आहे. ह्या पाटीच्या शेवटच्या ओळीनंतर दोन बोटं जागा मोकळी आहे, ती पाहिलीस का?”

४

आता गिमिल्लूबद्दल सांगायला हवं.

तो सहाव्या महिन्यात बाबिलोनहून आला. देवळाने त्याला पाट्यांच्या नकला करायला बोलावलं होतं. पंचविशीचा होता, नखं स्वच्छ, आणि अक्षर असं की वाळूवरून पाखरू चालून गेलं आहे. दुपारी तो आमच्या माती मळायच्या खोलीत येऊन बसायचा. त्याने मला बोरू तिरका कापायला शिकवला. अजून मी तसाच कापते.

तो आमची चेष्टा करायचा. नकला करताना जुन्या पाट्या वाचून हसायचा. “‘कालव्याच्या सालानंतरचं साल’. म्हणजे आजोबांच्या शेजाऱ्याचा मुलगा म्हटल्यासारखं. सालाला सरळ नाव असताना हे काय?” आणि नकलेत सरळ नाव घालायचा. मी काही बोलायची नाही. आमच्याकडे तेव्हा काय झालं होतं ते त्याला ठाऊक असेल असं मला वाटायचं.

एकदा मी एक निकाली निघालेली पाटी भिजवायच्या हौदात टाकली. माती पुन्हा वापरायला आम्ही रोजच टाकतो. गिमिल्लूने कोपरापर्यंत हात घातला आणि ती बाहेर काढली.

“हिच्यात सूर्यदेवाची शपथ आहे,” तो म्हणाला. बाही ठिबकत होती.

“तो आमच्या गावचा देव आहे. त्याला सवय आहे.”

“बाबिलोनला असं करणाऱ्याचा हात झडतो म्हणतात.” त्याने पाटी पुसली आणि फळीवर ठेवली. तो हसत नव्हता.

मला तो आवडायचा. त्याचं पुढे काही होणार नव्हतं, होण्यासारखं नव्हतंच, पण दुपार लवकर सरायची.

रांजण उघडला त्या दिवशीही तो आला. बेलेसुनूबाईंनी पाटी त्याच्यापुढे ठेवली.

“तुझी नजर तरुण आहे. हे इलशूचं अक्षर वाटतं का?”

गिमिल्लूने नीट पाहिलं. “वाटतं. हात जरा थरथरला आहे.”

“त्याचा थरथरतोच. तू तेव्हा इथे नव्हतास, नाही का?”

“मी बाबिलोनला होतो. नववर्षाची मिरवणूक पाहिली. सिंहासन रथावर ठेवलं होतं. सूर्य त्याच्यावर आला तेव्हा लोकांनी डोळे झाकून घेतले.”

“नशीबवान आहेस. आम्ही गच्चीवर बसून गायी वाहून जाताना पाहिल्या.”

तो गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं.

“ह्या तीन महिन्यांत तू त्याला काय काय सांगितलंस?”

मी आठवून पाहिलं. इलशू किती पितो. त्याला आदल्या दिवशीचं आठवत नाही. ताबनीबाईंनी पाटी केली आहे, आणि तिचे साक्षीदार तापाने गेले. तो विचारायचा आणि मी सांगायची. बोलायला माणूस मिळालं होतं.

“सगळंच सांगितलं,” मी म्हणाले.

बेलेसुनूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“उद्या सकाळी न्यायाधीश देवळाच्या दारात बसतात,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या महिन्याच्या पाच पाट्या बरोबर घे. वेगवेगळ्या हातांच्या.”

५

तीन न्यायाधीश होते, तिघेही म्हातारे, उन्हाकडे पाठ करून बसलेले. इरीबाम आणि कारभारी एका बाजूला. इलशू बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा न पिता आला होता. गिमिल्लूला मुद्दाम बोलावलं होतं, लिहून घ्यायला. अहातुम माझ्या मागे उभी होती. तिचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

बेलेसुनूबाईंनी मला पाचही पाट्यांची शेवटची ओळ वाचायला लावली. मी वाचली. पाच वेळा, ‘कालव्याच्या सालानंतरचं साल’.

“आता इरीबामची वाच.”

“‘सोन्याच्या सिंहासनाचं साल’.”

मधले न्यायाधीश पुढे झुकले. “ते नाव आपल्याकडे कधी आलं?”

“पाचव्या महिन्यात. ही पाटी दुसऱ्या महिन्याची आहे.”

“म्हाताऱ्याने दारूच्या नशेत चूक केली,” इरीबाम म्हणाला.

“दारू पिऊन माणूस चुकीचं नाव लिहील,” बेलेसुनूबाई म्हणाल्या. “तीन महिन्यांनी कानावर येणारं नाव कसं लिहील? इलशूला त्या दिवशी ते ठाऊक नव्हतं. मला नव्हतं. सिप्परमध्ये कुणालाच नव्हतं. आणि नंतरसुद्धा आमच्यातल्या कुणी ही चूक केली नसती. ते बिननावाचे महिने आम्ही काढले आहेत, बोटांना आठवतात. साल पहिल्या दिवसापासून ह्याच नावाचं होतं असं कुणाला वाटेल? ज्याने नववर्षाला बाबिलोनमध्ये ते ऐकलं, त्याला. त्याच्यासमोर खरी पाटी होती, साक्षीदार आणि दिवस तिच्यावरूनच उचलले. मुद्रा बेशुद्ध ताबनीच्या उशाशीच होती. साल मात्र त्याने सुधारलं. नीटनेटका माणूस आहे. आमचं लिहिणं त्याला गावंढळ वाटतं.”

कुणी गिमिल्लूचं नाव घेतलं नाही. त्याचा बोरू थांबला होता.

“त्याला इलशूची जागा देतो म्हणाला असेल इरीबाम,” बेलेसुनूबाई म्हणाल्या. “सासरे कारभारी आहेत.”

कारभारी जावयापासून एक पाऊल बाजूला सरकले.

इरीबामने मात्र खांदे उडवले. मला तो क्षण स्पष्ट आठवतो, कारण मला वाटत होतं की आता सगळं झालं. “ठीक आहे,” तो म्हणाला. “पाटी खोटी धरा. मग आत्याची काहीच पाटी नाही. आणि पाटी नसेल तर तिचा वारस मी. पोरगी मला वारशाने मिळते. बाबिलोनची नाव उद्याच सुटते आहे.”

न्यायाधीशांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं. माझ्या मानेवरचा श्वास थांबला.

बेलेसुनूबाईंनी पाटी उचलली आणि मधल्या न्यायाधीशांच्या गालाला लावली. त्या वयाने मोठ्या होत्या, म्हणून ते चालून गेलं.

“ओलसर,” ते म्हणाले.

“खोळ ओली आहे. आता हलवून बघा.”

त्यांनी हलवली. “आत सुकी आहे.”

“सुकी नसती तर खोळीला चिकटली असती. थंडीत पाटी आतपर्यंत सुकायला दहा दिवस लागतात. ताबनी बेशुद्ध पडल्यापासून रांजण उघडेपर्यंत पाचच झाले. तेवढ्यात नवी पाटी करून, सुकवून तिला खोळ घालता येत नाही. मग आत जुनी कुठली पाटी आहे?”

“कुठलीही असेल,” इरीबाम म्हणाला. “देवळात ढीग पडलेत.”

“असेल. पण मग ताबनीची खरी पाटी कुठे गेली? घरी ठेवली तर सापडेल. सोपा उपाय म्हणजे पाण्यात टाकायची. सकाळपर्यंत चिखल. आम्ही सिप्परची माणसं तेच करतो.” त्या गिमिल्लूकडे वळल्या. पहिल्यांदाच. “पण त्या पाटीवर सूर्यदेवाची शपथ होती. तुझ्याने ती पाण्यात टाकवली का रे?”

गिमिल्लूने बोरू खाली ठेवला. ऊन त्याच्या पायापर्यंत आलं होतं.

“खोळ पातळ आहे,” तो शेवटी म्हणाला. “हळू फोडा. आतल्या पाटीची कड आधीच टवकली आहे.”

६

न्यायाधीशांनी दगडाने तीनदा टकटक केली. खोळ अंड्याच्या कवचासारखी निघाली. आतली पाटी त्यांनी मला दिली. इलशूचं ओबडधोबड अक्षर, बाजूला दोन्ही साक्षीदारांच्या नखांच्या खुणा. अहातुम ही माझी लेक. माझ्या मरणापर्यंत ती मला सांभाळेल, मग तिचं कपाळ स्वच्छ, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. सूर्यदेवाची शपथ. शेवटच्या ओळीला जागा पुरली नव्हती. ‘कालव्याच्या सालानंतरचं’ एवढं समोर होतं आणि ‘साल’ कडेवर.

“लिहिलं होतं मी,” इलशू म्हणाला. एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

अहातुमची बट तिथेच कापली. तिला सूर्याकडे तोंड करून उभी केली. ती रडली नाही. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, “ऊन फार आहे.”

दुसऱ्या दिवशीच्या नावेने गिमिल्लू गेला. सिप्परमध्ये त्याने पुन्हा बोरू धरायचा नाही असा निकाल झाला होता. मी धक्क्यावर गेले नाही. इरीबामला दंड झाला, आणि सासऱ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं, जे त्याला जास्त लागलं. इलशू आठवडाभर प्यायला नाही. मी गिमिल्लूला काय काय सांगितलं होतं, तो विषय बेलेसुनूबाईंनी मरेपर्यंत काढला नाही. त्यामुळे ते ओझं माझ्याजवळच राहिलं.

त्यानंतर पन्नास सालं झाली. त्यांची नावं मी अजून ओळीने म्हणते. नव्या मुलींना पाठ करावी लागतात, त्या अडल्या की मला विचारायला येतात. सिंहासन मी कधी पाहिलं नाही. पुढच्या एका लढाईत ते वितळवलं म्हणतात.

न्यायाधीशांनी त्या पाटीला खोळ घालायला सांगितली होती. ती मी घातली. आत आहे तेच बाहेर लिहायचं असतं, म्हणून मी ते बिननावाचं, लांबलचक साल लिहिलं. बोटं दुखली. शेवटी जागा पुरली नाही आणि मीसुद्धा कडेवर आले.

अहातुम चार वर्षांपूर्वी गेली, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मागापाशी. पाटी तिच्या लेकीकडे आहे. मागच्या महिन्यात तिने मला दाखवायला आणली होती. मी कानाशी धरून हलवली. आत वाजते आहे. ती खोळ अजून कुणाला फोडावी लागलेली नाही.